मोनिकाने काय मागितलं, तिला काय मिळालं

२७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण येतो आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ला, तिच्या मुलाचा, संत ऑगस्टीनचा. या दोन दिवसांच्या प्रवचनांत मी लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आले आहे: आई रडली, आईने प्रार्थना केली, मुलगा सुधारला. गोष्ट खोटी नाही. पण ज्या आईचा मुलगा आज दारूत बुडाला आहे, ज्या बहिणीचा भाऊ दुसऱ्याचे पैसे बुडवून परागंदा झाला आहे, तिला एवढीच गोष्ट सांगितली की तिला वाटतं, आपणच कमी रडलो. आमच्या प्रार्थनागटात असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी हे प्रकरण सावकाश, सनावळीसकट मांडते. मोनिकाने कोणत्या वेळी काय मागितलं, त्यातलं काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि कशावर देव गप्प राहिला, एवढंच मला बघायचं आहे.

साक्षीदार एकच आहे, आणि तो म्हणजे स्वतः अपराधी. मोनिकाने लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. आपल्याला तिच्याबद्दल जे कळतं ते जवळजवळ सगळं ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनातून. आई जाऊन दहा वर्षं उलटल्यावर, हिप्पो शहराचा बिशप झाल्यावर त्याने ते लिहिलं, आणि माणसांना नव्हे तर थेट देवाला उद्देशून. त्यामुळे ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्याला ती आतून कशी दिसली, हे इथे वाचायला मिळतं. असं क्वचित घडतं. प्रार्थना करणाऱ्यांचे अनुभव आपण नेहमी ऐकतो, समोरच्याचा कुणी विचारत नाही.

घर

तागास्ते हे उत्तर आफ्रिकेतलं, रोमी साम्राज्यातलं एक लहान गाव. आज ते अल्जीरियात आहे, सूक अहरास या नावाने. तिथे १३ नोव्हेंबर ३५४ रोजी ऑगस्टीनचा जन्म झाला. वडील पॅट्रिशियस थोडी शेतजमीन असलेले, गावच्या कारभारात मान असलेले, पण ख्रिस्ती नसलेले आणि भडक डोक्याचे. बायकोशी ते एकनिष्ठ नव्हते, हे मुलानेच लिहून ठेवलं आहे. मोनिका ख्रिस्ती घरातली. ऑगस्टीनशिवाय नाविगियस नावाचा मुलगा आणि एक मुलगी ही तिची आपल्याला माहीत असलेली मुलं.

नवरा चिडला की ती तोंडातून शब्द काढत नसे. तो शांत झाल्यावर, योग्य वेळ बघून आपलं म्हणणं सांगे. शेजारणी अंगावर माराचे वळ घेऊन तिच्याकडे येत, तेव्हा ती त्यांना म्हणे की लग्नाचा करार म्हणजे आपल्या दासीपणाचा दस्तऐवज समजा आणि जीभ आवरा. हा सल्ला मी आज कुठल्याही बाईला देणार नाही. संत म्हणून तिला मानते, तरीही देणार नाही. पण तिची धाटणी कळावी म्हणून तो इथे सांगावा लागतो. तिला थांबता येत होतं. पॅट्रिशियसने अखेरीस बाप्तिस्मा घेतला तो आयुष्याच्या अगदी शेवटी.

मुलाच्या बाबतीत मात्र तिचा अंदाज सुरुवातीलाच थोडा चुकला, आणि ही गोष्ट प्रवचनात कधी येत नाही. ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना पैशाअभावी त्याचं शिक्षण वर्षभर थांबलं होतं. घरी रिकामा बसलेला पोरगा टवाळ मित्रांत रमला. याच काळात त्यांनी एका रात्री शेजारच्या झाडावरची नासपतीची फळं चोरली आणि खायची सोडून डुकरांपुढे टाकली. त्याचं वय बघून आईला काळजी वाटली. तिने त्याला एकट्याला गाठून बजावलं की व्यभिचारापासून लांब राहा, दुसऱ्याच्या बायकोकडे तर बघूही नकोस. त्याला ते बायकी बोलणं वाटलं. पण तिने त्याचं लग्न लावून देण्याचा आग्रह धरला नाही. कारण? संसाराचं लोढणं गळ्यात पडलं तर शिक्षण बुडेल, ही भीती. मुलाने मोठेपणी आईच्या कौतुकाबरोबर हेही लिहिलं. आईवडील दोघांनाही माझ्या विद्येची फार हाव होती, असं तो म्हणतो.

घराघरात आजही हेच चालतं. पोरगं घसरतंय हे दिसत असतं, पण दहावी-बारावीचं वर्ष आहे ना, मग नंतर बघू.

अपराध काय होता

तो शिकायला कार्थेजला गेला. तिथे एका स्त्रीबरोबर लग्नाविना राहू लागला आणि त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. एकोणिसाव्या वर्षी ऑगस्टीन मानी पंथात गेला. हा पंथ जगाकडे उजेड आणि अंधार या दोन शक्तींची लढाई म्हणून बघत असे, आणि पाप माझ्यातला तो अंधार करतो, मी नव्हे, अशी सोय त्यात होती. तरुण, हुशार, अपराधी वाटणाऱ्या मुलाला ते पटलं यात नवल नाही. तो नऊ वर्षं तिथे राहिला आणि मित्रांनाही ओढत राहिला. एक जिवलग मित्र तापात बेशुद्ध असताना घरच्यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. मित्राने त्याला झिडकारलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला.

तेव्हा हे फक्त श्रद्धेतल्या मतभेदाचं प्रकरण नाही. इतरांचं नुकसान झालं होतं, आणि पुढे आईची उघड फसवणूकही झाली.

बंद दार

शिक्षण संपवून तो गावात शिकवायला आला तेव्हा मोनिकाने त्याला घरात ठेवून घ्यायला आणि एका पंगतीला बसवायला नकार दिला. त्याच काळात ती त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत होती. माझ्या मते या प्रकरणातली ही पहिली महत्त्वाची जागा. आपल्याकडे समज असा की ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या चुकीवर पांघरूण घालायलाच हवं, आणि ज्याला दाराबाहेर केलं त्याच्यासाठी प्रार्थना करणं हा ढोंगीपणा. तिने दोन्ही केलं, आणि मुलाने त्यातलं काहीही ढोंग मानलं नाही.

मग तिला स्वप्न पडलं. ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे, दुःखाने खचलेली. तेजस्वी तरुण हसत येतो आणि का रडतेस म्हणून विचारतो. माझा मुलगा वाया गेला म्हणून, असं ती सांगते. तो म्हणतो, नीट बघ, तू जिथे आहेस तिथेच तो आहे. ती बघते तर मुलगा त्याच पट्टीवर तिच्या शेजारी उभा. तिने हे मुलाला सांगितलं तेव्हा तर्कपटू मुलगा लगेच म्हणाला, याचा अर्थ तू एक दिवस माझ्या पंथात येशील. ती क्षणभरही न अडखळता म्हणाली, “नाही. ‘तो आहे तिथे तू’ असं मला सांगितलेलं नाही. ‘तू आहेस तिथे तो’ असं सांगितलंय.” त्या स्वप्नापेक्षा आईचं हे उत्तर आपल्याला जास्त लागलं, असं ऑगस्टीन लिहितो. स्वप्नानंतर तिने दार उघडलं. तो मात्र होता तिथेच होता, आणि तसाच आणखी जवळजवळ नऊ वर्षं राहिला.

त्याच सुमारास ती एका बिशपकडे गेली. तो स्वतः लहानपणी याच पंथात वाढला होता, त्यांचे ग्रंथ त्याने हाताने उतरवून काढले होते, आणि मग आपणहून बाहेर पडला होता. माझ्या मुलाशी वाद घाला, त्याची चूक दाखवा, अशी विनवणी तिने केली. बिशपने साफ नकार दिला. तो अजून शिकवून घ्यायला तयार नाही, त्याला राहू द्या, फक्त प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचं त्याला कळेल, असं तो म्हणाला. ती ऐकेना, रडत आग्रह करत राहिली. शेवटी काहीसा वैतागून बिशप म्हणाला, “जा आता बाई! इतक्या आसवांचा मुलगा नाश पावेल असं होणार नाही.” चित्रांखाली आणि प्रार्थनेच्या कार्डांवर छापतात ते वाक्य हेच. ते कंटाळलेल्या माणसाच्या तोंडून आलेलं आहे, हे लक्षात ठेवायला मला आवडतं. तिने ते आकाशवाणीसारखं घेतलं.

बंदरावरची रात्र

सन ३८३. ऑगस्टीनने रोमला जायचं ठरवलं. कार्थेजमधले विद्यार्थी दंगेखोर होते, रोममध्ये शिस्त बरी असं ऐकलं होतं. आई समुद्रापर्यंत मागे आली. तिने त्याला घट्ट धरून ठेवलं. परत चल, नाहीतर मला बरोबर ने. त्याने तिला थाप मारली: एका मित्राचं जहाज वाऱ्यासाठी थांबलंय, तो निघेपर्यंत मी त्याच्यासोबत थांबतो, एवढंच. जहाजाजवळच संत सिप्रियनच्या स्मरणार्थ बांधलेलं छोटं देऊळ होतं. रात्र तिथे काढ म्हणून त्याने तिला कसंबसं राजी केलं. ती रात्रभर आत प्रार्थना करत राहिली. वारा सुटला, शिडं भरली, आणि सकाळी किनारा रिकामा होता.

तिची मागणी त्या रात्री अगदी स्पष्ट होती: देवा, याला जाऊ देऊ नकोस. तीच नामंजूर झाली. आणि रोमहून पुढे मिलानला जाऊनच त्याला तिथले बिशप अॅम्ब्रोज भेटले, तिथेच तो वळला. वर्षांनंतर ऑगस्टीन देवाला म्हणतो की ती जे नेहमी मागत होती ते तिला देता यावं म्हणून त्या वेळचं मागणं तू मानलं नाहीस.

हे वाक्य मागाहून लिहिलेलं आहे, हे विसरू नये. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ फक्त रिकामा समुद्र होता.

आणि तिने काय केलं? आधी ती दुःखाने वेडीपिशी झाली. आपली गाऱ्हाणी तिने देवाच्या कानावर घातली. मुलाचा खोटेपणा आणि क्रूरपणा तिने नाव घेऊन बोलून दाखवला. मग ती पुन्हा त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागली आणि घरी परतून रोजच्या कामाला लागली. हा क्रम मी अनेकदा वाचला आहे. आरोप आधी, रदबदली नंतर, आणि दोन्ही एकाच देवापुढे. आमच्या गटात एक बाई होत्या, भावासाठी माळ जपताना त्याने काय केलं ते कधी उच्चारायच्याच नाहीत. “आमचा तो, त्याचं जरा... बाबा, तुला माहीत आहेच.” मी त्यांना ही बंदरावरची गोष्ट सांगितली होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा पूर्ण वाक्यात सांगितलं: माझ्या भावाने आईच्या नावची जमीन तिला फसवून विकली. मग त्या बराच वेळ गप्प होत्या, आणि मग त्याच्यासाठी प्रार्थना केली.

रोमला पोचल्यावर ऑगस्टीन तापाने मरणाच्या दारी गेला. आईला पत्ताही नव्हता. तरी ती रोज दोनदा, सकाळ-संध्याकाळ, चर्चमध्ये जात होती आणि गरिबांना दान करत होती.

मिलान, आणि जिथे देव गप्प राहिला

३८४ मध्ये त्याला मिलानला वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून नेमणूक मिळाली. काही काळाने मोनिका समुद्र ओलांडून तिथे पोचली. वाटेत वादळ लागलं तेव्हा घाबरलेल्या खलाशांना तिनेच धीर दिला. मुलाने सांगितलं, मी आता मानी पंथात नाही, पण ख्रिस्तीही नाही. तिने आनंदाने उडी मारली नाही. मी डोळे मिटण्याआधी तुला ख्रिस्तसभेत पाहीन, एवढंच ती शांतपणे म्हणाली. याच शहरात तीही शिकली. आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे ती हुतात्म्यांच्या स्मारकांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हा ही प्रथा बिशप अॅम्ब्रोज यांनी बंद केल्याचं दारवानाने सांगितलं. तिने तक्रार न करता टोपली परत नेली.

आता अवघड भाग. ऑगस्टीनसाठी एका मोठ्या घरची मुलगी ठरवण्यात आली. या खटपटीत पुढाकार मोनिकाचाच होता. लग्न झालं की तो बाप्तिस्मा घेईल असा तिचा हिशेब होता. मुलगी अजून कायद्याने लग्नाच्या वयाची नव्हती, दोन वर्षं थांबायचं होतं. आणि जी स्त्री चौदा-पंधरा वर्षं त्याच्याबरोबर होती, त्याच्या मुलाची आई होती, ती लग्नाला अडसर म्हणून त्याच्यापासून तोडली गेली. दुसऱ्या पुरुषाकडे बघणार नाही असा नवस बोलून ती आफ्रिकेला परत गेली. मुलगा मागे राहिला. ऑगस्टीनने तेवढा काळही धीर धरला नाही, दुसरी बाई ठेवली.

या लग्नाबद्दल मोनिका देवाकडे रोज दृष्टांत मागत होती. मुलानेही तिला तसं सांगितलं होतं. काहीही मिळालं नाही. तिला काही भास झाले, पण ते देवाचे नव्हेत, आपल्याच मनाचे, हे तिने स्वतः ओळखलं आणि मुलाला तसंच सांगितलं. देवाकडून आलेलं आणि मनातून उठलेलं यांची चव वेगळी असते, ती मला कळते, असं ती म्हणे.

मी तिला सगळ्यात जास्त मानते ते या प्रामाणिकपणासाठी. लग्न तिला हवं होतं. स्वप्न पडलं असं सांगितलं असतं तर कुणी शंका घेतली नसती, पट्टीचं स्वप्न सगळ्यांना ठाऊक होतं. तिने तसं केलं नाही. पण त्या शांततेचा अर्थ घेऊन ती लग्नापासून मागेही हटली नाही, आणि त्याची किंमत तिसऱ्याच बाईने मोजली. मुलाच्या उद्धारासाठी प्रार्थना करताना त्याने जिचं आयुष्य वापरलं ती बाई प्रार्थनेच्या बाहेर राहिली का? मोनिकाने तिच्यासाठी काही मागितलं असेल तर त्याची नोंद नाही. ऑगस्टीन आपलं काळीज फाटलं, रक्तबंबाळ झालं असं लिहितो. तिच्या काळजाबद्दल लिहीत नाही.

मिळालं ते

ऑगस्ट ३८६ मध्ये, मिलानमधल्या घराच्या बागेत, घे आणि वाच असा लहान मुलाचा आवाज ऐकून ऑगस्टीनने बायबलमधलं पौलाचं पत्र उघडलं आणि त्याची वर्षानुवर्षांची घालमेल संपली. तो आणि त्याचा मित्र अलिपियस आधी आत गेले ते आईला सांगायला. मानी पंथात गेल्यापासून तेरा वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल ३८७ च्या पुनरुत्थानाच्या रात्री, अॅम्ब्रोज यांनी त्याला, अलिपियसला आणि पंधरा वर्षांच्या अदेओदातुसला बाप्तिस्मा दिला.

लग्न झालंच नाही. ज्या नातवंडांची मोनिकाला आस होती ती आली नाहीत. तिला मुलगा परत मिळाला, पण तिने आखलेल्या आयुष्यात नाही.

ते सगळे आफ्रिकेला परत निघाले. रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात जहाजासाठी थांबले असताना मायलेक खिडकीत उभे राहून खूप वेळ बोलले. मग पाच-सहा दिवसांत तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. तिला ५६ वं वर्ष चालू होतं, त्याला ३३ वं. तिने नवऱ्याशेजारी गावाकडे कबरेची जागा केव्हाच राखून ठेवली होती. नाविगियस म्हणाला, परक्या मुलखात नको, आपल्या मातीत मरण यावं. तिने त्याच्याकडे नाराजीने पाहिलं. हे शरीर कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका, जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा, एवढंच तिचं शेवटचं मागणं होतं. हे तिने देवाकडे नाही, मुलांकडे मागितलं.

ते त्याने पुरं केलं. कसं केलं, ते ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागाच्या शेवटी आहे. इतकी वर्षं आई मुलाच्या पापांसाठी देवापुढे उभी होती. आता मुलगा आईच्या पापांसाठी उभा राहतो. बाप्तिस्म्यानंतर तिच्या तोंडून आज्ञेविरुद्ध एकही शब्द गेला नाही असं म्हणायचं माझं धाडस नाही, असं तो स्पष्ट लिहितो. तिची चांगली कामं क्षणभर बाजूला ठेवतो आणि म्हणतो, तिला क्षमा कर प्रभू, क्षमा कर, तिच्याशी न्यायनिवाड्याला बसू नकोस. पुढे वाचकांना विनंती करतो की वेदीजवळ मोनिकाची आणि तिच्या पतीची, पॅट्रिशियसची, आठवण करा. त्या सगळ्या पुस्तकात आईचं नाव एकदाच येतं, ते इथे. त्या भडक डोक्याच्या, बायकोशी प्रामाणिक नसलेल्या बापालाही तो तिच्या शेजारी बसवतो.

जुन्या गोव्यात, पवित्र टेकडीवर, सांता मोनिका मठ आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस हे ऑगस्टीनच्या संघाचे होते, त्यांनी १६०६ मध्ये तो उभारायला घेतला. समोरच ऑगस्टिनियन चर्चचा अर्धा कोसळलेला मनोरा दिसतो. आई आणि मुलगा तिथेही समोरासमोर आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेले होते. मठाच्या जाड भिंतीला टेकून थोडा वेळ बसले, ऑगस्टीनने सांगितल्याप्रमाणे मोनिकाची आणि पॅट्रिशियसची आठवण केली. मग आफ्रिकेला परत गेलेल्या त्या स्त्रीचीही केली. तिचं नाव त्याने लिहिलेलं नाही, म्हणून ‘अदेओदातुसची आई’ एवढंच म्हणाले.